शास्त्र कोणाच्या हाती? : ‘समाजस्वास्थ्य’ आणि ‘मॅरेज हायजीन’ यांच्या निमित्ताने

एप्रिल १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांना २०० रुपये दंड केला. ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकात वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. त्यांची बाजू बॅ. भीमराव आंबेडकरांनी मांडली होती. या निकालानंतर अवघ्या चार महिन्यांनी, ऑगस्ट १९३४ मध्ये, त्याच मुंबईतून डॉ. ए. पी. पिल्ले यांच्या संपादकत्वाखाली ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. संततिनियमन, कामजीवन, गुप्तरोग, वैवाहिक असमाधान हे विषय दोन्ही नियतकालिकांत समान होते. हॅवलॉक एलिस, मार्गारेट सँगर ही नावेही दोहोंत सारख्याच आदराने येत. तरीही एकाचा संपादक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि दुसऱ्याच्या संपादकाकडे अमेरिका-युरोपातील तज्ज्ञ आपले निबंध पाठवू लागले.

या दोन नियतकालिकांचा विचार मराठीत सहसा एकत्र होत नाही. कर्वे हे मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात जमा होतात, तर पिल्ले इंग्रजीतील लैंगिकविज्ञानाच्या इतिहासात. कर्व्यांवर मराठीत लिहिले गेले ते बहुतांशी चरित्राच्या अंगाने. य. दि. फडके यांचे पुस्तक, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट, अजित दळवी लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे नाटक, या सर्वांनी कर्वे नावाचा एकाकी माणूस मराठी मनात जागा ठेवला, हे त्यांचे ऋण मान्यच करावे लागेल. मात्र एकाकीपणाच्या या कथेत मासिक मागे पडते. ‘समाजस्वास्थ्य’ हे संशोधनाच्या कसोटीला कितपत उतरते, पिल्ले यांच्या नियतकालिकाशेजारी ठेवल्यास ते कोठे सरस ठरते आणि कोठे उणे पडते, हा प्रश्न विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम दोन्ही नियतकालिकांची ओळख. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले पुत्र, जन्म १८८२. गणिताचे प्राध्यापक. पॅरिस येथे गणिताच्या अभ्यासासाठी राहून आलेले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनचे केंद्रही त्याच वर्षीचे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे काळाच्या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती हे दिसते. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील मराठी पुस्तक आले. या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला आणि कर्व्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १९५३ मध्ये, शेवटचा. सव्वीस वर्षे हा अंक मुख्यतः एकाच माणसाच्या लेखणीवर आणि त्या माणसाच्या खिशावर चालला. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर तो इतका काळ चालला नसता.

‘मॅरेज हायजीन’चा इतिहास दोन खंडांचा आहे. पहिली मालिका १९३४ ते १९३७. नंतर दहा वर्षांचा खंड. ऑगस्ट १९४७ मध्ये दुसरी मालिका सुरू झाली आणि १९४८ पासून तिला ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ असे नाव मिळाले. १९५५ पर्यंत ते चालले. नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पोकळ नव्हता. लैंगिकविज्ञानाला वाहिलेले पहिले नियतकालिक मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९०८ मध्ये जर्मन भाषेत काढले होते. १९१९ मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेली त्यांची संस्था मे १९३३ मध्ये नाझींनी लुटली व तिचे ग्रंथ जाळले. या शास्त्राचे जर्मन घर उद्ध्वस्त झाल्यानंतर वर्षभराने मुंबईत त्याला एक छप्पर मिळाले. त्या छपराखाली कोण आले याची दोनच उदाहरणे पुरेत. बर्लिनहून निर्वासित होऊन न्यूयॉर्कला पोहोचलेले डॉ. अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा स्त्रीच्या कामतृप्तीतील मूत्रमार्गाच्या भूमिकेविषयीचा निबंध १९५० मध्ये या नियतकालिकात आला. अवघी चार पाने. तीन दशकांनंतर, १९८१ मध्ये, अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ सेक्स रिसर्च’मधील एका निबंधाने त्या चार पानांचा धागा उचलला आणि ग्रेफेनबर्ग यांच्या आद्याक्षराने ओळखला जाणारा ‘जी स्पॉट’ जगभर चर्चेत आला. दुसरे उदाहरण डॉ. हॅरी बेंजामिन यांचे. विरुद्ध लिंगाचा वेश करणे आणि स्वतःला विरुद्ध लिंगाचे मानणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे सांगणारा त्यांचा निबंध १९५३ मध्ये येथेच प्रसिद्ध झाला. पारलिंगी व्यक्तींच्या वैद्यकाचा इतिहास लिहिताना हा निबंध टाळता येत नाही.

म्हणजे, जगाच्या लैंगिकविज्ञानातील दोन मूलभूत निबंध मुंबईतून निघणाऱ्या नियतकालिकाच्या पानांवर होते आणि त्याच काळात त्याच शहरात मराठी वाचक ‘समाजस्वास्थ्य’ची वाट पाहत होता. या दोन पानांमध्ये अंतर किती होते?

उत्तर शोधण्यासाठी कायद्याकडे जावे लागते. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली चालणाऱ्या खटल्यांत अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्यातून घेतलेली होती. मजकूर वाईट आहे की चांगला, एवढाच प्रश्न या कसोटीत नाही. ज्यांची मने अनैतिक प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती हा मजकूर पडण्याचा संभव आहे, त्यांना तो बिघडवेल काय, असा तो प्रश्न आहे. म्हणजे न्यायाधीशाने वाचायचा असतो तो मजकूर आणि कल्पायचा असतो तो वाचक. इंग्रजी त्रैमासिकाचा वाचक कल्पिला की डोळ्यांसमोर डॉक्टर येतो, ग्रंथालय येते. मराठी मासिकाचा वाचक कल्पिला की शाळा सोडलेला पोरगा, घरातील सून, गिरणीतला कामगार दिसू लागतो. कसोटी एकच, परंतु भाषेबरोबर वाचकाची प्रतिमा बदलते आणि त्या प्रतिमेबरोबर निकालही. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून कर्व्यांना १०० रुपये दंड झाला होता. १९३४ चा दंड त्याच्या दुप्पट. दुसऱ्या खटल्यातील मजकूर तर लेखही नव्हता. वाचकाने विचारले आणि संपादकाने सांगितले, इतकेच. वाचक विचारीत असेल तर त्याला ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, विकृती जाते तीही ज्ञानानेच, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाला तो पटला नाही.

हे विवेचन कोणाला तर्काचा खेळ वाटेल, म्हणून ‘मॅरेज हायजीन’ची स्वतःची कोर्टातील गोष्ट पाहावी. ती मुंबईत घडली नाही, न्यूयॉर्कला घडली. संततिनियमनाच्या इतिहासावरील प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक नॉर्मन हाइम्स हे या नियतकालिकाचे अमेरिकेतील संपादक होते. मुंबईहून त्यांच्या नावे गेलेले अंक तेथे अडवले गेले, कारण संततिनियमनाची माहिती देणाऱ्या छापील मजकुरावर अमेरिकेत निर्बंध होते. १९३८ मध्ये प्रकरण संघीय अपील न्यायालयापुढे आले. न्यायालयाने कायदा मोडीत काढला नाही. जो या माहितीचा गैरवापर करणार नाही अशाच्या हातात हा मजकूर कायदेशीर ठरतो, असे त्याने धरले. आणि हाइम्स तर त्याच नियतकालिकाचे संपादक. अंक सुटले. त्याच निकालात संततिनियमनावरील एका लोकप्रिय पुस्तकाचाही प्रश्न होता आणि तेथे ते मागवणारा गृहस्थ कोण, हे ठरवल्यावाचून न्यायालय पुढे गेले नाही. कर्वे हरले आणि हाइम्स जिंकले. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच राहिले. मजकूर निर्दोष की सदोष हे हात पाहून ठरवावे, हेच ते तत्त्व.

येथे उर्दूचा एक दाखला देणे अप्रस्तुत होणार नाही. कारण कलम तेच आणि काळही जवळचा. इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ मध्ये लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’मध्ये आली, सआदत हसन मंटो यांच्या ‘काली सलवार’, ‘धुआँ’ आणि ‘बू’ या कथांवर फाळणीपूर्व हिंदुस्थानात खटले झाले. ‘लिहाफ’ आणि ‘बू’ यांच्यासाठी हे दोघे मुंबईहून लाहोरला गेले होते. ‘लिहाफ’च्या बाबतीत, कथेत नेमका अश्लील शब्द कोणता, हे फिर्यादी बाजूच्या साक्षीदारांना दाखवता आले नाही आणि इस्मत सुटल्या. साहित्याला ही सोय असते. रजईच्या सावलीत काय चालले आहे हे लेखिका सांगत नाही, सावली हलते एवढेच सांगते. उर्दूत ज्याला रम्ज आणि किनाया म्हणतात त्या सूचकतेचा परंपरेने मान राखला आणि कोर्टालाही तो राखावा लागला. कर्व्यांना ही वाट बंद होती. इंद्रियाचे नाव घेणे, कृतीचे नाव घेणे, ती अपायकारक आहे की नाही हे एका वाक्यात सांगणे, हेच त्यांचे काम होते. सूचकतेने लिहिलेले आरोग्यविषयक उत्तर हे वाईट उत्तर असते. मराठीतील अश्लीलतेच्या चर्चेत साहित्यिकांचे खटले आणि कर्व्यांचे खटले एका माळेत ओवले जातात; ते बरोबर नाही.

नाव घेण्याचा प्रश्न निघालाच आहे तर शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ‘समाजस्वास्थ्य’चे खरे महत्त्व येथे आहे.

कामविषयक मराठी शब्दांचे तीन साठे होते. पहिला संस्कृत कामशास्त्राचा. हा शब्द उच्चारला की विषय ग्रंथात जातो. दुसरा शिवीगाळीचा, तो सर्वांना ठाऊक आणि कोणाला लिहिता न येणारा. तिसरा वैदूंचा, जडीबुटीवाल्यांचा आणि जाहिरातींचा. उर्दूतही साधारण हीच स्थिती: एकीकडे कोकशास्त्राच्या फारसी अवतारापासून, ‘लज्जतुन्निसा’पासून, चालत आलेली ग्रंथपरंपरा आणि दुसरीकडे भिंतीवर रंगवलेले ‘मर्दाना कमजोरी’. या तिसऱ्या साठ्यातले शब्द सर्वांत घातक, कारण त्यांच्यात निदान आधीच भरलेले असते. ‘स्वप्नदोष’ म्हटले की दोष ठरलाच. ‘धातू जाणे’ म्हटले की शरीरातून काही मौल्यवान वाहून चालले आहे, हे सांगण्याची वेगळी गरज राहत नाही. उर्दूतील ‘जिरयान’ या शब्दामागेही हेच भय उभे असते. तरुण मुलगा डॉक्टरकडे जाण्याआधीच या शब्दांनी आजारी पडलेला असतो.

‘धातू’ या शब्दाचा पुढचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी या भयातून उद्भवणाऱ्या तक्रारींच्या समूहाला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा उल्लेख आला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतही संस्कृतिसापेक्ष संकल्पनांच्या यादीत तो आहे. रस्त्यावरचा शब्द इंग्रजी नियतकालिकात गेला आणि संज्ञा होऊन परत आला. मधल्या काळात, म्हणजे विग यांच्या तीस वर्षे आधीपासून, मुंबईतला एक गणिताचा प्राध्यापक त्याच भयाला मराठीत उत्तर देत होता. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, वीर्यनाशाची भीती निराधार आहे, ब्रह्मचर्यापासून बळ मिळते या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. उत्तरे लहान, कोरडी, कधी चिडकी. गणिताच्या माणसाला सिद्धता एकदा दिल्यावर ती पुन्हा द्यावी लागल्याचा जो वैताग येतो, तो त्यांत दिसतो. पण कोरडेपणाचा एक गुण असा की प्रश्नकर्त्याला लाजेने मान खाली घालावी लागत नाही. सहानुभूतीच्या ओल्या भाषेत पुष्कळदा निंदा लपलेली असते.

आता दोन्ही नियतकालिकांच्या उणिवा. गौरवग्रंथाच्या पद्धतीने लिहून कोणाचाच फायदा नाही.

पिल्ले यांच्या नियतकालिकाला सुप्रजाजननाचा भक्कम पाया होता आणि तो आज वाचकाला अस्वस्थ करतो. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये, हे ठरवण्याचा अधिकार शिकलेल्या वर्गाला आहे, अशी गृहीत धारणा त्या काळातील संततिनियमनाच्या पुष्कळशा इंग्रजी लेखनात आहे. कादंबरीकार ना. सी. फडके यांचे ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे पुस्तक १९२७ चे, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’च्या जन्मवर्षाचे. त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती आणि त्याचा हेतूच सुप्रजाजननाची चळवळ भारतात उभी करणे हा होता. कर्वेही या विचारापासून सर्वस्वी मुक्त नव्हते. फरक असा की, त्यांच्या लेखनाचे टोक शेवटी व्यक्तीकडे वळते. स्त्रीला नको असलेले मूल लादले जाऊ नये, आणि पुरुषाइतकाच तिलाही कामसुखाचा अधिकार आहे, ही दोन विधाने त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. राष्ट्राच्या लोकसंख्येचा हिशेब त्यांच्याकडे दुय्यम आहे. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यातून जागतिक महासंघ जन्माला आला आणि त्याच सुमारास पहिल्या पंचवार्षिक योजनेने कुटुंबनियोजनाला सरकारी कार्यक्रमात जागा दिली. तेव्हा जिंकला तो हिशेब. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत त्या हिशेबाने कोणते रूप घेतले हे सांगायला नको. व्यक्तीच्या सुखाचा कर्व्यांचा मुद्दा त्या सरकारी भाषेत कोठेच आला नाही.

पिल्ले यांच्या नियतकालिकाची दुसरी उणीव भाषेचीच आहे. भारतीय स्त्री-पुरुष त्यात येतात ते डॉक्टरने लिहून घेतलेल्या हकिगतीतून. त्यांचे शब्द इंग्रजीत येईपर्यंत धुतले जातात. ग्रेफेनबर्ग यांच्यासारख्यांचे निबंध मुंबईत छापले गेले, परंतु ज्या अनुभवावर ते उभे होते तो पाश्चात्त्य रुग्णांचा. नियतकालिक मुंबईचे, ज्ञान मुंबईवरून जाणारे. बंदरातून माल जावा तसे.

‘समाजस्वास्थ्य’चे दोष निराळे. एकाच माणसाच्या हाती सर्व सूत्रे असल्याने मासिकात संवादापेक्षा निवाडे जास्त आहेत. तीच ती मांडणी वर्षामागून वर्षे येते. धर्म हा शब्द दिसला की कर्व्यांची लेखणी विषय सोडून धावते. समजुतीमागची कारणे शोधण्याऐवजी ती समजूत मूर्खपणाची आहे एवढे सांगून ते मोकळे होतात. नीतीच्या बंधनात वाढलेल्या आणि तरीही प्रश्न घेऊन आलेल्या वाचकाला यामुळे दार किंचित लोटलेले दिसत असणार. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांचे समर्थनही सहजी करता येत नाही. नग्नतेत लाजण्यासारखे काही नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. मग चित्रे बहुशः स्त्रीचीच का, याचे उत्तर त्या सिद्धांतात नाही. सर्वांत मोठी मर्यादा वाचकवर्गाची. पत्रे लिहिणारे प्रामुख्याने मध्यमवर्गीय पुरुष होते. स्त्रियांच्या सुखाचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता असलेल्या मासिकात स्त्रियांचा स्वतःचा आवाज क्षीण आहे. यासाठी संपादकाला दोष देणे अन्यायाचे होईल, परंतु अभ्यासकाने ही पोकळी नजरेआड करू नये.

असे असूनही, संशोधनाच्या दृष्टीने दोहोंपैकी अधिक मोलाचा साठा कोणता, असे विचारले तर उत्तर ‘समाजस्वास्थ्य’च्या बाजूने द्यावे लागेल. ‘मॅरेज हायजीन’ आणि त्याच्या पुढच्या अवतारातील निबंध आज शास्त्राच्या इतिहासाचा भाग आहेत. त्यांपैकी पुष्कळसे कालबाह्य झाले, आणि ग्रेफेनबर्ग यांच्या सिद्धांतावरील वाद तर अजून चालू आहे. मराठी माणसाने मराठीत आपल्या शरीराविषयी विचारलेले प्रश्न मात्र कालबाह्य होत नाहीत, कारण ते सिद्धांत नाहीत, साक्षी आहेत. समोरासमोर मुलाखतीत जे कोणी सांगितले नसते ते त्यांनी पोस्टाने कळवले. नाव झाकून, पत्ता झाकून, पण स्वतःच्या शब्दांत. किन्से यांचे अमेरिकेतील अहवाल १९४८ आणि १९५३ चे. त्यांच्यामागे विद्यापीठ होते, प्रशिक्षित मुलाखतकार होते, अनुदान होते. कर्व्यांकडे टपालपेटी होती. पद्धतीची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. तरी त्या टपालपेटीत वीस-पंचवीस वर्षे जे जमत गेले, तसे दुसरे काही मराठीत क्वचितच सापडेल.

आणि येथे या कथेचे वर्तुळ विचित्र रीतीने फिरते. त्या पत्रव्यवहाराचा पद्धतशीर अभ्यास झाला तो श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांच्याकडून, २०१७ मध्ये, केंब्रिजच्या ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात, इंग्रजीतून. पाश्चिमात्य भारतातील मध्यमवर्गीय पुरुषांचे कामविषयक ज्ञान आणि त्यांच्या चिंता हा त्याचा विषय. अभ्यास मोलाचा आहे आणि अभ्यासकांनी मराठी मूळ वाचून तो केला आहे. तक्रार त्यांच्याविषयी नाही. पण एकच पत्र मराठीत छापले गेले तेव्हा गुन्हा ठरू शकत होते आणि इंग्रजीत उद्धृत झाले तेव्हा आधारसामग्री ठरले, हे सत्य तेवढ्याने पुसले जात नाही. डॉ. अनंत देशमुख यांनी कर्व्यांचे लेखन संपादित करून खंडांच्या रूपाने उपलब्ध केले आहे. म्हणजे साधन मराठीत हाताशी आहे. त्यावर मराठीतून झालेली चिकित्सा त्या मानाने तुटपुंजी आहे.

कायदा दरम्यान बदलला. १९६४ मध्ये मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटी कायम ठेवली होती. १९६९ च्या दुरुस्तीने विज्ञान, साहित्य, कला आणि विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला कलम २९२ मध्ये अपवाद मिळाला. तो १९३४ मध्ये असता तर कर्व्यांच्या वकिलाला हाती काहीतरी मिळाले असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटी बाजूला सारली. जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलम २९२ चा आशय तेथे कलम २९४ मध्ये आला. कागदावर वाचकाची ती जुनी प्रतिमा पुसट झाली आहे.

वर्गात ती तितकी पुसट झालेली नाही. केंद्र सरकारने एड्स नियंत्रणाच्या संदर्भात तयार केलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी पाठोपाठ थांबवला. मराठी शिकवणाऱ्या महाविद्यालयांचा नकाशा काढला तर बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा ही सर्व केंद्रे या चार राज्यांतच येतात. पुस्तिकेतील चित्रांवर आक्षेप होते आणि त्यातले काही विचार करण्याजोगेही असतील. आक्षेपाचा सूर मात्र ओळखीचा होता: माहिती खोटी आहे असे फारसे कोणी म्हणत नव्हते, ती कोणाच्या हाती पडेल, ही काळजी होती. वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीतून शिकणाऱ्या त्याच वयाच्या विद्यार्थ्याविषयी ती काळजी कोणाला वाटत नव्हती.

शब्दांची अडचणही संपलेली नाही. हॅरी बेंजामिन यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या नियतकालिकात ज्या दोन अवस्था वेगळ्या करून दाखवल्या, त्यांना मराठी वृत्तपत्रे आजही पुष्कळदा ‘तृतीयपंथी’ या एकाच शब्दात कोंबतात. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या अधिनियमाने या व्यक्तींना कायद्यात स्थान मिळाले, पण महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात तिसरा रकाना आला तेव्हा त्यापुढे नेमके काय छापावे, यावर अनेक ठिकाणी गोंधळ झाला. कोठे ‘इतर’ छापले, कोठे ‘तृतीयपंथी’, कोठे इंग्रजी शब्द देवनागरीत. बेंजामिन यांचा तो निबंध सातव्या खंडाच्या पहिल्या अंकातला. तो अंक निघाला त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला, त्याच शहरात, कर्वे वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक पुढच्या महिन्यात बाहेर पडला, पिल्ले यांचे नियतकालिक आणखी दोन वर्षे चालले.